युसूफच्या फॉर्मवरची अकरा नावं

अख्ख्या कुवेतमध्ये माझ्यासारखा हुशार टाइमकीपर नाही. चौथीत दोनदा गचकलो, ते सोडा. इथे पगारावर टॅक्स नसतो, तरी शुवैखच्या आमच्या गॅरेजात मी थाप ठोकली, "पुढच्या महिन्यापासून टॅक्स कापणार. तुमच्यावर जितकी माणसं अवलंबून, तितकी कपात कमी." वर खोटे फॉर्मही वाटले.

वेल्डर युसूफ घाबरला. संध्याकाळपर्यंत अकरा नावं लिहून घेऊन आला.

मी साहेबी आवाज काढला, "एवढी? खोटं निघालं तर कंपनी अडकते, बाबा. पुरावा दे."

त्याने मोबाइल माझ्या हातात ठेवला. "कुणालाही लावा, चाचा. पैशांच्या आधी कुणी माझी तब्येत विचारली, तर त्याचं नाव खोडा."