आक्कांच्या चंचीतला ट्रॅकर

मंगलताई, चऱ्होलीहून आलेली सगळी मंडळी, आणि कंपनीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

कँटीनची टेबलं भिंतीला सरकवून आज आपण इथे बसलोय. एरवी या वेळेला इथे रांग असते, आणि त्या रांगेत विलासदादा हमखास मधेच घुसलेले असतात. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी सरळ नाही म्हणाले होते. मी अनघा, यंत्राच्या आतले प्रोग्राम लिहिते. माणसांसमोर माझी बोबडी वळते. पण मंगलताई म्हणाल्या, "माझ्याखालोखाल तूच त्यांच्याशी भांडलीस. तूच बोल."

तर बोलते. मधेच रडू आलं तर येऊ द्या. पाण्याचा ग्लास घेऊन कुणी धावत येऊ नका.

बाहेरून आलेल्यांसाठी आधी आमचं काम सांगते. चाकणच्या कारखान्यांमधून सुटे भाग भरून लोखंडी ट्रॉल्या फिरत असतात. या कंपनीतून त्या कंपनीत. आणि हरवतात. त्यांना लावायचा काडेपेटीएवढा ट्रॅकर आम्ही बनवतो. त्यात सिम असतं, मोबाईलचंच नेटवर्क असतं. पण मोबाईलसारखी बडबड नाही. ट्रॅकर दिवसभर झोपतो. ट्रॉली हलली की उठतो, मधूनमधून "मी इथे आहे" एवढंच म्हणतो, ट्रॉली थांबली की परत झोपतो. म्हणून एक बॅटरी वर्षानुवर्षं पुरते. हे सगळं ज्याच्या डोक्यातून आलं, तो माणूस म्हणजे आपले दादा. मी प्रोग्राममध्ये जरा काही वाढवायला गेले की आलेच माझ्या टेबलापाशी. "अनघाबाई, झोपू द्या की त्याला! कशाला उठवताय पोराला?"

दुसरं वेड किल्लीचं. प्रत्येक ट्रॅकरचा निरोप कुलूपबंद जायचा. कुलूप उघडायची किल्ली फक्त मालकाच्या फोनमध्ये. निरोप पोहोचवणाऱ्या नेटवर्कला तो वाचता यायचा नाही, आम्हाला कंपनीत बसूनसुद्धा नाही. एकदा एक मोठं गिऱ्हाईक म्हणालं, "हजार ट्रॅकर घेतोय, सगळ्यांना एकच पासवर्ड ठेवा ना, सोपं पडेल." दादा चिडले की त्यांची गावाकडची बोली बाहेर यायची. म्हणाले, "व्हय राव, अख्ख्या गावाला एकच किल्ली करा. चोरालाबी सोपं पडंल." मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. ऑर्डर मिळाली, पण ती दादांमुळे की माझ्या पायामुळे, हे आमचं शेवटपर्यंत ठरलं नाही.

पण मंडळी, मला ट्रॉल्यांबद्दल बोलायचंच नाहीये. मला आक्कांबद्दल बोलायचंय.

आक्का म्हणजे दादांच्या आई. गेल्या काही वर्षांत त्या विसरायला लागल्या. आधी नावं, मग वार, मग घर. दुपार झाली की फडक्यात भाकरी बांधायच्या आणि निघायच्या. कुठे? रानात. मालकांना, म्हणजे दादांच्या वडिलांना, भाकरी द्यायला. मालक जाऊन किती काळ लोटला, आणि रानाच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या. नवरा-बायको दोघंही बाहेर, दादा इथे कामावर, मंगलताई शाळेत शिकवायला. आक्का रस्त्यावर. तुम्ही चऱ्होलीकरांनी तर हे सगळं बघितलेलंच आहे.

दादांनी आमचाच ट्रॅकर आक्कांसाठी घेतला. रोज चार्जिंगला लावायची वस्तू आक्कांकडे टिकली नसती, हा महिनोन् महिने चार्जिंग न मागणारा, कमी बोलणारा, अगदी त्यांच्याचसाठी. पण ठेवायचा कुठे? गळ्यात घातला, त्यांनी तोडून टाकला. मग दादांनी डोकं चालवलं. आक्का घर विसरतील, पण मिसरीची डबी विसरणार नाहीत. दिला ट्रॅकर डबीत टाकून!

आणि फोन गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्प. दादांनी मोबाईल कंपनीला फोन लावला. "तुमचा चऱ्होलीचा टॉवर झोपलाय!" पलीकडची मुलगी बिचारी म्हणतेय, सर, हँडसेट बंद करून चालू करा. दादा तिलाच नेटवर्क शिकवतायत. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी दात घासायला डबी उघडली, तशी इकडे फोनवर घंटी! आक्कांनी झाकण लावलं, परत सामसूम.

पत्र्याची डबी हो! ज्या माणसानं आम्हा प्रत्येकाला झापझाप झापलं होतं, की "लोखंडाच्या आत ट्रॅकर ठेवू नका, आवाज बाहेर येत नाही", त्या माणसानं स्वतःच्या आईचा ट्रॅकर पत्र्याच्या डबीत बंद केला होता. आम्ही इथे, याच कँटीनमध्ये, पोट धरून हसलो. सगळ्यात जास्त दादाच हसले. मग मंगलताईंनी आक्कांच्या पानसुपारीच्या चंचीला आतून एक कापडी खिसा शिवला. आणि तिथे तो सुखानं राहिला.

भाऊबंद म्हणाले, आक्का कुठेयत ते ग्रुपवर टाकत जा, सगळ्यांचं लक्ष राहील. दादांनी साफ नकार दिला. मी विचारलं, अहो, घरचीच तर माणसं आहेत! दादा म्हणाले, "आई आयुष्यभर कुठं जायचं तर चार जणांना विचारून गेली. आता न विचारता चाललीय, तर चालू दे. कुठं चाललीय ते मला कळलं, बास." किल्ली एकच. दादांच्या फोनमध्ये.

मग दादा दवाखान्यात गेले. हृदय थकलं होतं, हे आपल्याला सगळ्यांना नंतर कळलं. एका दुपारी मंगलताई त्यांच्यापाशी होत्या आणि घरून शेजारच्या काकूंचा फोन आला. आक्का नाहीत. मंगलताईंनी बाहेर येऊन मला फोन केला, दादांना ताण नको म्हणून. "अनघा, तुमच्या कंपनीतून बघ ना गं, कुठे आहेत." आणि मी काय सांगणार? आम्हाला दिसत नाही, ताई. तसंच बनवलंय त्यांनी. त्या क्षणी मला दादांचा इतका राग आला, इतका राग आला, की गाडी काढून मी थेट दवाखान्यात गेले आणि त्यांच्या उशाशी उभी राहून म्हणाले, "आक्का निघून गेल्यात. उघडा तुमचं ते कुलूप."

त्यांनी नाकावरची नळी बाजूला केली. दवाखान्यात बंद करून ठेवलेला फोन उघडला. शेवटचा निरोप आळंदीच्या रस्त्यावरून, जिथे फाटा फुटतो तिथला. त्यानंतर काही नाही. फाट्यावरून आक्का कुठे वळल्या? शोधायला निघालेले शेजारी आळंदीच्या बाजूला गेले होते. मी म्हणाले, बंद पडला वाटतं. दादा म्हणाले, "न्हाई. आई बसलीय कुठंतरी. म्हणून तो झोपलाय. आई उठली की बोलंल."

आणि आम्ही वाट बघत बसलो. मी, मंगलताई, आणि मधे दादा, फोन छातीवर ठेवून. बाहेर रस्त्यावर ट्रक धावतायत, आणि आक्का कुठल्या तरी कडेला बसलेल्या. मंगलताई देवाचं नाव घेत होत्या. दादा त्या फोनलाच म्हणत होते, "ऊठ रं बाबा. ऊठ आता." आयुष्यभर ज्याला झोपू द्या म्हणाले, त्याला.

घंटी वाजली, म्हणजे आक्का उठल्या होत्या. आक्का त्यांच्याच रानात होत्या. म्हणजे तिथल्या सोसायटीच्या बागेत. वॉचमननं खुर्ची दिली होती, मी पोचले तेव्हा तिथेच भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन परत बसल्या होत्या. मी त्यांना घेऊन आले.

संध्याकाळी दादांनी मला परत बोलावलं. म्हणाले, "अनघाबाई, माझं गणित चुकलं. मी सगळ्या चोरांचा विचार केला. मी मरंन, ह्याचा विचारच केला न्हाई." मंगलताई उठून खिडकीपाशी गेल्या. दादांनी स्वतःच्या हातानं दोन किल्ल्या दिल्या. एक मंगलताईंच्या फोनमध्ये, एक माझ्या. आणि मला बजावलं, "ती कुठंय ते कुणाला सांगायचं न्हाई. ओढून आणायचं न्हाई. जायचं, आणि तिच्यासंगं चालायचं. दमली की ती आपणच परत फिरती."

नंतर चार दिवसांनी दादा गेले.

आक्का आज इथे नाहीत, शेजारच्या काकूंपाशी घरी आहेत. दादा गेल्याचं मंगलताईंनी त्यांना सांगितलं. आईला सांगायला नको का? आक्कांनी हंबरडा फोडला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून विचारलं, "इलास कुठंय गं?" मंगलताईंनी परत सांगितलं. परत तोच हंबरडा. पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. एका आईचा एकुलता एक मुलगा किती वेळा मरणार? आता मंगलताईंनी ठरवलंय, नाही सांगायचं. त्या घरात मोठ्यानं रडतसुद्धा नाहीत. ताई, तुम्ही हे कसं करता, मला खरंच कळत नाही.

म्हणून चऱ्होलीकरांनो, मी आज खरं तर तुमच्याशी बोलायला उभी राहिलेय. आक्का रस्त्यात भेटतील. भाकरी घेऊन निघालेल्या असतील. तुम्हाला विचारतील, "माझा इलास दिसला का?" तर सांत्वन करू नका. कीव करू नका. खरं सांगू नका. खरं सांगून झालंय. "सेकंड शिफ्टला गेलाय" म्हणा. सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा आक्का झोपलेल्या असतात.

आता आपण उभे राहू या. दोन मिनिटं दादांसाठी काहीच बोलायचं नाही. आणि मग या गेटबाहेर पडल्यावर, आक्कांसाठी, एवढं एक खोटं बोलायचं.