उत्तनच्या खळ्यातला झोंबी

...आणि वर बायको मलाच म्हणते, कचरा! म्हणजे तुम्हाला सांगतो, रविवारची दुपार, जेवण झालंय, माणसाने करावं काय? मी झोंबीचा सिनेमा लावतो. झोंबी म्हणजे मेलेली माणसं, उठतात आणि हात पुढे करून जिवंतांना चावायला निघतात. पण महागडा झोंबी नाही हां, तो आपल्याला झेपत नाही, त्याची खरंच भीती वाटते, रविवार फुकट जातो. आपल्याला लागतो गरीब झोंबी. तोंडाला पीठ फासलंय, हातात घड्याळ तसंच राहिलंय, आणि धक्का लागला की कबर हलते, कारण ती थर्माकोलची आहे. मेलेला माणूस मध्येच शिंकतो आणि ते तसंच ठेवतात, दुसऱ्यांदा घ्यायचं बजेटच नाही. असं काही दिसलं की माझा जीव थंड होतो. वाटतं, चला, आपल्यासारखंच कोणीतरी आहे, जमत नाहीये, पण करतोय. कचरा आहे, मान्य. पण बघवतो हो.

आमच्या उर्मिलेला नाही बघवत. लग्न झाल्यापासून माझी एकच इच्छा, हिने एकदा, फक्त एकदा, माझ्या शेजारी बसून एक झोंबी शेवटपर्यंत बघावा. बसते कुठे? पहिला मुडदा उठला की ही उठते. "अहो, आधी ते सँडल दाराशी काढा. सोफ्यापर्यंत घालून येता, लादी कोण पुसतं? आणि बघायचं काय, तर सडकी माणसं." आता सँडलचा आणि झोंबीचा संबंध काय, तुम्हीच सांगा. विसरतो माणूस. नवघर नाक्यावरून भाजी घेऊन, जिने चढून, डोक्यात शंभर गोष्टी...

तर आमच्या बी विंगमध्ये परेश राहतो. गुजराती, लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करतो. पौष लागला, मुहूर्त बंद, कॅमेरा घरात पडून, म्हणून पठ्ठ्याने ठरवलं, झोंबीचा सिनेमा काढायचा. मला जिन्यात गाठलं. "काका, आपको झोंबी का बहुत नॉलेज है. मेन झोंबी आप. मेकअप भी ज्यादा नहीं लगेगा." शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही असं दाखवलं. डोक्यात एकच, नवरा पडद्यावर असल्यावर तरी ही शेवटपर्यंत बसेल ना?

शूटिंग कुठे, तर उत्तनला, समुद्राकाठच्या कोळ्यांच्या गावात. काठ्यांवर बोंबील लटकतायत, खाली खळ्यात, म्हणजे मासळी सुकवायच्या अंगणात, जवळा पसरलाय. परेश म्हणाला, स्मेल तो है ही, माहौल अपने आप बनेगा. माझ्या तोंडाला तांदळाचं पीठ, ओठांना बीटाचा रस. मी घड्याळ काढलं, अंगठी काढली, चष्मा काढला. आयुष्यभर दुसऱ्या झोंबींच्या चुका काढल्या, आपली एक दिसता कामा नये.

हिरॉइन आमच्या सोसायटीतली शिवांगी, ती खळ्यात अगदी कडेला अनवाणी उभी राहून किंचाळतेय. मी निघालो... मान वाकडी, हात पुढे, घशातून घर्रघर्र, काय सांगू तुम्हाला, अप्रतिम चाललं होतं. खळ्यात पाय टाकणार, एवढ्यात मागून आवाज. "ए दादा, चपला काढ. मासली सुकतंय ती, दिसत न्हाय काय?"

शांताबाई. खळं त्यांचं. परेशने सगळ्या गावाला विचारलं होतं, नेमकं त्यांना विचारायचं राहिलं होतं. आता झोंबीने काय करावं? झोंबीला कसली लाज, कसली मासळी? पण माझी मान आपोआप सरळ झाली आणि मी म्हणालो, "हो हो मावशी, सॉरी." वाकलो. सँडलचा पट्टा निघेना, एका पायावर तोल जायला लागला, म्हणून मी शिवांगीचा खांदा धरला. ती बिचारी किंचाळायची थांबली, म्हणाली, "सावकाश काका." सँडल काढले, जोडीने कडेला ठेवले, मान परत वाकडी केली आणि मग तिला चावलो.

म्हटलं, परेश, परत घेऊ. "काका, बीट का जूस खतम, धूप भी गयी. अब जो है सो है." राहिलं ते तसंच. वर चावल्या चावल्या पडद्याच्या कोपऱ्यातून गुलाबाच्या पाकळ्या पडतात, कारण लग्नाचा तेवढाच इफेक्ट आहे त्याच्याकडे. कचरा आहे, मान्य...

सोसायटीच्या हॉलमध्ये लावला. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मी मान खाली घालून बसलेलो, म्हटलं, ही कधीच उठून गेली असणार. हळूच बघतो तर काय, ही जागची हललेली नाही. डोळे पुसतेय, हसतेय. शेवटपर्यंत बसली हो, शेवटी येणारी नावंसुद्धा वाचली. माझं काळीज सुपाएवढं झालं. मग परेशला म्हणाली, "तो चपलांचा भाग परत लावा." परत बघितला, आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "एवढी वर्षं घसा फोडतेय मी. जिवंतपणी एकदा काढले नाहीत. मेल्यावर एका हाकेत काढलेत."

आता काय, रोज संध्याकाळी दार उघडते आणि शांताबाईंच्या आवाजात ओरडते, "ए दादा, चपला काढ." काढतो. जोडीने ठेवतो. सांगणार कोणाला? पण रविवारी दुपारी येऊन बसते हो शेजारी, उठत नाही. सिनेमा नाही बघत, झोंबीच्या पायातल्या बुटांकडे बघते. म्हणते, "बघा, ह्याच्याही बायकोने सांगून सांगून सोडून दिलं असणार."