स्पिरिटच्या कुकरापुढं कापूर

आमी मूळचं हातकणंगल्याकडचं, पावणं. दीड एकर रान नि आमी पाच भाऊ, मग धाकट्याला कोण इचारतंय? तात्यांनी, म्हंजे माझ्या सख्ख्या चुलत्यांनी, मला ते कामाला होते त्याच कागदाच्या कारखान्यात लावलं. तवा निलगिरीचं नि सुबाभळीचं तुकडं कास्टिक सोड्यात शिजवून लगदा करायचा, वास असा की भाकरीलाबी त्योच, धाकली लेक जवळ यायची न्हाय माझ्या.

मग मालकांनी नवा कुकर बसवला, माणूस उभा मावंल एवढा. कास्टिक बंद, आता लाकूड स्पिरिटात शिजवायचं. मळीपासनं करत्यात त्येच स्पिरिट, त्यात पाणी, टोपण घट्ट आवळून तापवायचं, लाकडातला चिकटा सगळा त्यात उतरतो, लगदा मऊ ऱ्हातो, नि स्पिरिटची वाफ धरून, थंड करून पुन्ना तीच वापरायची. वास गेला, पण भ्या आलं. आमच्या इंजिनियर म्याडम पयल्याच दिवशी म्हणाल्या, वाफ बाहेर आली नि एक ठिणगी पडली की संपलं सगळं. तवापासनं गेटवर बिडी, काडेपेटी, मोबाईल काढून घेत्यात.

आता काय सांगू तुम्हाला, आमच्यात दर अमावस्येला मशीनपूजा. नारळ, फुलं, कापूर. तात्यांनी तीस वर्सं चुकवली न्हाय. नव्या कुकराला कापूर चालणार न्हाय म्हटल्यावर म्हणाले, बिनआरतीची कसली पूजा रं? मशीन रुसंल की. मलाबी तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पूजेच्या ताटाला गेटवर कोण हात लावतंय? ताट घेऊन मीच गेलतो, फुलांखाली काडेपेटी.

कुकराजवळ गेलो नि नाकाला स्पिरिट झोंबलं. टोपणाचं गॅसकेट, म्हंजे फट बुजवायचं रबर, सुटत आलतं. तात्यांनी कापूर ठेवला, काडी काढली, मी ताटासकट त्येंच्या हातावरच पडलो. तात्यांनी सणकन माझ्या कानाखाली काढली, देवाचं ताट उधळतोस व्हय? आणि मग त्येंनाबी वास आला. आत सात माणसं होती, पावणं. ताट आपटल्याचा आवाज ऐकून म्याडम धावत आल्या नि त्येंना काडेपेटी दिसली. नंतर त्या म्हणाल्या, ताट पितळंचं होतं म्हणून वाचलात, लोखंडाचं आपटलं असतं तर त्याचीबी ठिणगी पडली असती.

त्या वक्ती म्याडमनी कुकर बंद करून सगळ्यांना मैदानात काढलं नि इचारलं, काडेपेटी आत कुणी आणली? तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. माझी हाय, म्हणाले तात्या. पोरांच्या शाळा डोळ्यापुढं आल्या नि तोंड शिवल्यागत झालं. तात्यांना त्याच दिवशी घरी बसवलं, तीस वर्सांच्या माणसाला, निरोपाचा साधा नारळबी दिला न्हाय हातात.

आता त्येंच्या जागंवर मी हाय. अमावस्येला पूजा गेटबाहेर करतो. तात्या भेटले की जेवलास काय रं म्हणत्यात, एका शब्दानं टोचत न्हाईत, त्येच लई लागतंय. तुमी म्हणालात, ही हकिकत लिवतो पण नाव बदलून. बदलू नका. काडेपेटी म्या नेलती, असंच लिवा, नि तो कागद माझ्याकडं द्या, मी स्वतः नेऊन म्याडमच्या हातात देतो. नोकरी गेली तर गेली.