दाराच्या रबराखाली

माधुरी : पण दाजी, एवढं चांगलं काम करायला तुम्हाला सांगितलं कोणी होतं?

दाजी : घ्या! तीस वर्सं झाली कळंबोलीत पत्रा ठोकतोय. काम बिघडवलं म्हनून भांडायला लई जन आले. चांगलं केलं म्हनून आलेली तुमी पयलीच बाई.

माधुरी : भांडत नाही हो. तो सर्व्हेअर बघा, इंद्रजीत. माझी गाडी ज्या ट्रेलरने ठोकली, त्याच्या विमा कंपनीने पाठवलाय. अर्धा तास झाला माझ्या गाडीभोवती फिरतोय आणि त्याला काही म्हणजे काही सापडत नाहीये.

दाजी : सापडायचं नायच. माझ्या हातची गाडी हाय ती.

माधुरी : तेच तर दुखणं आहे! दुरुस्तीचे पैसे त्यांनी मुकाट दिले. पण एकदा ठोकलेली गाडी म्हटल्यावर बाजारात तिची किंमत पडली, ती कोण भरून देणार? त्यासाठीच दावा लावलाय मी. आज याने 'गाडी पहिल्यासारखी झाली आहे' असं लिहिलं की संपलं. मिताली मॅडम, माझ्या वकील, त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

दाजी : आनी नाय मिळाले पैसे, तर?

माधुरी : सईच्या पुढच्या वर्षाच्या फीचं सगळं गणित त्यावर आहे. गाडी विकली तीसुद्धा तिच्या फिजिओथेरपीच्या शिक्षणासाठीच.

दाजी : सई म्हंजे ती चष्मेवाली? गाडी आनली त्या दिशी त्या बाकावर बसून पुस्तक वाचत व्हती. एवढी ठोकाठोक चाललीय, पन पोरीनं मान वर केली नाय.

माधुरी : तीच. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती तिची.

इंद्रजीत : मॅडम, झालं माझं बघून. दाजी, हात पुढे करा आधी. हात मिळवायचाय तुमच्याशी.

दाजी : ग्रीस हाय हाताला, साहेब.

इंद्रजीत : असू दे. नऊ वर्षं ठोकलेल्या गाड्या बघतोय. दारांच्या फटी मोजल्या, वरपासून खालपर्यंत एकसारख्या. चुंबक फिरवलं, कुठेही पुट्टीचा थर नाही. रंगाचा थर केसभर जास्त, पण तेवढा तर साधा ओरखडा बुजवला तरी येतो. कसं केलंत हे?

दाजी : घाई नाय केली, बस. पत्रा ज्या वाटेनं आत गेला, त्याच वाटेनं उलटा बाहेर आनायचा. शेवटचा मार पयला काढायचा, पयला मार शेवटी. लोक काय करतात, मोठा खड्डा दिसला का तिथंच हानतात. मंग पत्रा रुसतो.

इंद्रजीत : मानलं तुम्हाला. मॅडम, आता तुमचं. गाडी ठोकली हे कंपनी नाकारत नाही. फोटो आहेत, बिल आहे. पण बिलात फक्त 'डावी बाजू, पूर्ण काम' एवढंच लिहिलंय.

दाजी : आमी तेवढंच लिवतो. कामाचं पुरान कोन लिवत बसनार?

इंद्रजीत : आणि गाडीत मला काही दोष दिसत नाही. मग किंमत पडली असं कशावरून लिहू?

माधुरी : पडली ना! रंजिता म्हणून आमच्या सोसायटीतल्याच बाई आहेत, त्यांनी घेतली. पुढच्या आठवड्यात ताबा द्यायचाय. गाडी ठोकलेली आहे हे कळल्यावर त्यांनी आकडा सरळ खाली आणला.

इंद्रजीत : त्यांना कळलं कसं?

माधुरी : मी सांगितलं.

इंद्रजीत : तुम्ही होऊन?

माधुरी : मग काय! रोज जिन्यात भेटणार त्या. त्यांची दोन लहान मुलं मागे बसणार.

इंद्रजीत : तुमचं कौतुक वाटतं, मॅडम, खरंच. पण कंपनी काय म्हणेल? तुम्ही सांगितलंत म्हणून किंमत पडली. गप्प बसला असतात तर पडली नसती. मला गाडीत काहीतरी दिसायला हवं हो.

दाजी : साहेब, इचारू का? मी म्हनलो, का मधला खांब कापून जोडलाय, तर लिवाल?

इंद्रजीत : दोन दारांच्या मधला? कापलाय तो?

दाजी : म्हनलो तर.

इंद्रजीत : नुसतं तोंडी नाही चालणार. तुम्ही मॅडमच्या बाजूचे. दाखवावं लागेल.

दाजी : दाखवलं तर कागदात माझं नाव येनार. आनी कुठं बघायचं, ते बी?

इंद्रजीत : फोटोसकट येणार. कोर्टात बोलावतीलही.

दाजी : मंग माझी निम्मी कामं गेली.

माधुरी : का बरं?

दाजी : माझ्याकडं निम्म्या गाड्या जुन्या गाड्यांचे एजंट आनतात, ताई. त्यांना माझा हात का आवडतो? गाडी ठोकलेली कळत नाय म्हनून. कुठं बघायचं ते एकदा भायेर पडलं, का ते दुसरा डेंटर बघतील.

माधुरी : मग नको, दाजी. माझ्यासाठी तुमच्या पोटावर पाय नको. सईचं मी बघीन काहीतरी. ऑफिसातून कर्ज काढीन.

दाजी : त्या बाईला खरं सांगताना तुमी इचार केला व्हता का, पैसे जातील म्हनून?

माधुरी : केला होता. रात्रभर.

दाजी : मी बी दोन मिन्टं केला. झाला. सरका जरा. आनी मोबाइलची बॅटरी लावा, इकडं धरा.

(दाजी डाव्या बाजूचं दार उघडतात आणि मधल्या खांबावरचं काळं रबर नखाने सोडवत हळूहळू खाली आणतात. एरवी रबराखाली झाकलेल्या निळ्या रंगात रुपयाएवढा पत्रा उघडा आहे.)

माधुरी : इथे रंग द्यायचा राहिला?

दाजी : राहिला नाय, ठेवला. वर नुसतं वार्निश हाय, गंजू नये म्हनून. साहेब, त्याच्या खाली बोट फिरवा. काय लागतं?

इंद्रजीत : शिवण लागतेय. बारीक. अरे, हा तर आख्खा कापून जोडलाय!

दाजी : खांब कापला का तिथं ही निशानी ठेवतो. अठरा वर्सं झाली. कुनाला सांगितलं नाय. पुढं ज्या डेंटरच्या हातात गाडी जाईल, त्याला तरी कळावं.

माधुरी : पण का, दाजी?

दाजी : काळूराम, माझा भाचा. न्हावा शेव्याला डायवर व्हता. जुनी गाडी घेतली हौसेनं, एकदम चकाचक. घ्यायच्या आधी मीच बघितली आनी म्हनलो, घे. मला बी नाय कळलं, असा गुळगुळीत रंग मारलेला. सा महिन्यांनी साधा धक्का बसला बाजूनं, तर खांब आत आला. डावा पाय गेला त्याचा. मी पत्र्यातला मानूस, आनी मीच म्हनलो व्हतो, घे.

इंद्रजीत : म्हणून ही निशाणी.

दाजी : लिवा, साहेब. ही गाडी दिसायला तीच हाय. चालंल बी नीट. पन तिथंच परत मार बसला, तर कारखान्यातला मूळ खांब जेवढा तग धरंल तेवढा माझा नाय धरनार. मी कितीबी चांगला जोडला तरी. तेवढी ती कमी झाली. तेवढे ताईंचे पैसे गेले.

इंद्रजीत : कोर्टात बोलाल असं?

दाजी : असंच बोलीन. निराळं मला येत बी नाय.

माधुरी : दाजी, मघाशी मी तुमच्यावरच चिडले होते. मला खरंच भरून आलंय. तुमच्यासारखा माणूस मी नाही पाहिला.

दाजी : रडू नका, बॅटरी हालते. पोरीला शिकवा. माझी कंबर कामातून गेलीय, पयला पेशंट मीच.

इंद्रजीत : कामगाराचं नाव काय लिहू? सगळे दाजी म्हणतात, पण पूर्ण नाव?

दाजी : दामोदर गोमा पाटील. नीट लिवा, कुनालाबी वाचता आलं पायजे.

इंद्रजीत : लिहिलं. फोटोही झाले. 'मधला खांब कापून जोडलेला, किमतीत घट ग्राह्य.' मॅडम, किती ते कोर्ट ठरवेल, पण आता शून्य कोणी म्हणणार नाही.

माधुरी : थँक्यू. दोघांनाही.

इंद्रजीत : दाजी, अजून एक. बाहेर ती पांढरी उभी आहे ना, ती माझी. दोन वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतली. कुठेही ठोकलेली नाही, असं शपथेवर सांगितलं होतं. मी स्वतः तपासली होती, सगळी यंत्रं लावून.

दाजी : कुठून घेतली?

इंद्रजीत : इथूनच. कळंबोलीतून. मुलगी रोज डाव्या बाजूला बसते.

दाजी : आना आत. ताई, बॅटरी बंद करू नका.

इंद्रजीत : आणि निशाणी निघाली तर?

दाजी : निघाली, तर इकनारा खोटं बोलला, साहेब. गाडी नाय.