जातो म्हणून निघालेला

ऐका. त्या धाकट्याला मांडीवर घ्या आधी, मग ऐका.

पूर्वी चकव्याला एक शेत पुरायचं. माणूस धरायचा आणि त्याच बांधावर रात्रभर फिरवायचा. आता शहराभोवती रिंगरोड झाला. चैनच झाली की मेल्याची! एवढा मोठा गोल त्याला कुणी आखून दिला असता?

तर आपला रोहिदास, टेम्पोवाला. दिवाळीच्या तोंडावर त्याची बायको गेली, सुनंदा. तेव्हापासून हा रडला नाही की कुणाशी बोलला नाही. पुढ्यात ताट ठेवलं की जेवायचा, उचललं की उठायचा. त्या रात्री मार्केटला न्यायला कोबी भरला, चपला घातल्या आणि म्हणाला, "जातो."

त्याची आई दारात आडवी आली. "आरं, येतो म्हण! घरातनं निघताना जातो म्हणत्यात व्हय?"

"त्यानं काय हुतंय," म्हणाला, आणि गेला. आत अंथरुणात त्याची पोर जागी होती, वेणू. तिनं ऐकलं.

रिंगरोडला लागला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. डाव्या हाताला एक बंद पेट्रोलपंप गेला, एकच ट्यूब फडफडणारी. जरा वेळानं पुन्हा पंप. तीच ट्यूब! पुन्हा पंप! दुसऱ्याला घाम फुटला असता. ह्याला काहीच वाटलं नाही. तेच तर वाईट, बायांनो.

मग खिडकीशी एक म्हातारा दिसला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. टेम्पो ऐंशीनं पळतोय आणि हा शेजारनं चालतोय. सावकाश! ठक. ठक. ठक.

"कुणीकडं, पाव्हणं?"

"कुठं न्हाई."

म्हातारा हसला. "मग बराबर रस्ता धरलास. ह्यो बी कुठं जात न्हाई."

आणि बघतो तर म्हातारा शेजारच्या सीटवर! दार उघडलं नाही, काही नाही. आणि आवाज? आवाज सुनंदाचा. "दमलात हो. सोडा ते स्टेरिंग. डोळे मिटा."

रोहिदासला कळत होतं, ही ती नव्हं. सुनंदा त्याच्या मामाची पोर, जन्मात कधी त्याला अहो म्हणाली नाही. कळत होतं. तरी त्यानं हात सोडले.

तेवढ्यात समोर अडकवलेला फोन वाजला. सवयीनं बोट गेलं.

"आबा, तू जातो म्हणलास," वेणू म्हणाली. "आई बी दवाखान्याला जाया रिक्षात बसताना जातेच म्हणली हुती. तू येणार न्हाईस का?"

म्हाताऱ्याचा गार पंजा त्याच्या तोंडावर बसला. जीभ लाकडाची झाली. पलीकडं पोर नुसती श्वास घेतेय, वाट बघतेय. आणि मग कुठनं कळ आली कोण जाणे, पंजा हिसडून ओरडला, "आलो! आलो गं!" आणि ब्रेकवर उभाच राहिला.

टेम्पो किंचाळत थांबला. सीट रिकामी. खाली उतरून बघतो, तर चाकांपुढं वीतभर रस्ता आणि पुढं काहीच नाही! पूल अर्धाच बांधलेला. खाली खाण, काळं पाणी.

आता मला सांगा, रस्ता अजून पुरा झालाच नव्हता. मग हा गोल फिरला कुठनं?

उजाडताना घरी आला, कोबी तसाच घेऊन. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. उंबऱ्यावर बसला, वेणू येऊन टेकली. रडू तेव्हाही आलं नाही त्याला. पण म्हणाला, "भूक लागली." आपल्या तोंडानं म्हणाला.

म्हणून सांगते, रात्रीचं त्या रस्त्याला जाऊ नका. गावातनं जा, खड्डे खा, उशीर होऊ दे.

चला, उठा आता. आणि कोण रे तो, मुकाट्यानं निघालेला? थांब तिथंच. काय म्हणायचं असतं?