टिपणिसांच्या दवाखान्यातला मार

अहो नाही, मला सांगा, लग्न ठरवताना कोण विचारतं की तुमचे होणारे सासरे पेशंटला मारतात का म्हणून? पत्रिका विचारतात, पगार विचारतात, मासे चालतात का विचारतात... हे कोण विचारणार? मी चेंबूरची, आमच्याकडे झुरळ मारायचं असलं तरी आधी सगळे एकमेकांकडे बघतात, आणि मी येऊन पडले घाटकोपरला, भटवाडीत, डॉक्टर शरच्चंद्र टिपणिसांच्या घरात. खाली दवाखाना, वर आम्ही. लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी मी वर कपडे वाळत घालतेय तर खालून आवाज, फाट्! मला वाटलं, शटर पडलं. परत फाट्! नवऱ्याला विचारलं, तर अनिरुद्ध, तोही डॉक्टरच, दाढी करता करता म्हणतो, "काही नाही गं, अण्णांची ओपीडी सुरू झाली."

मी काही बोलले नाही. नवी सून ना!

तुम्हाला सांगते, अण्णांचं सगळं अगदी पद्धतशीर. गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडला तर कान. तंबाखू, पाठीत धपाटा. इन्सुलिन चुकवलं, थेट गालावर. भेदभाव नाही हं! एका हवालदाराने बीपीची गोळी बुडवली, त्याला टोपी काढून मांडीवर ठेवायला लावली आणि मग दिली, म्हणजे सरकारी टोपीचा अपमान नको. आणि पेशंट? रडत बाहेर यावेत की नाही? छे! गाल चोळत, हसत, बक्षीस समारंभातून आल्यासारखे. बाकावर बसून हिशेब, "माका दोन. तुमका?" "एकच. पण सणसणीत." चाळीस वर्षं सगळी वस्ती त्यांच्याकडे येते, सगळी कोकणातली माणसं, आणि एकेकाचा ठाम विश्वास की औषध फक्त निमित्त असतं.

पूर्वी हे सगळं जिन्याखालच्या गाळ्यात व्हायचं म्हणे. एक बाक, एक पडदा, पडद्यामागे मार. मग अनिरुद्ध शिकून आला आणि प्रॅक्टिस वाढली. शेजारचं साडीला फॉल-बिडिंगचं दुकान घेतलं, त्याच्या शेजारचं मोबाईलचं घेतलं, तीन केबिनी, काचेची दारं, एसी, आणि एक मशीन, बाईच्या आवाजात "टोकन नंबर अमुक, केबिन तमुक" ओरडणारं. मग आले शिकाऊ डॉक्टर. फॅमिली डॉक्टरकी शिकायला दोन पोरं, मुकुल आणि शर्मिष्ठा, इस्त्रीचे पांढरे कोट, खिशात तीन-तीन पेनं. आणि टोकनच्या काउंटरवर कोण? मी! का, तर माझी नोकरी घरून, दुपारी दोननंतर, आणि सासूबाईंच्या मते माझा चेहरा असा शांत की बघूनच पेशंटचं बीपी उतरतं.

अनिरुद्धने भिंतीवर पाटीही लावली, "डॉक्टरांवर हात उचलणे हा दंडनीय गुन्हा आहे." नेहमीच्या पेशंट मालनकाकूंनी ती बोट फिरवत वाचली आणि मला हळूच विचारलं, "म्हणजे आमच्यावर उचलूक हरकत नाय ना गो?"

मी काही बोलले नाही. नवी सून ना!

आणि मग अण्णांचा उजवा खांदा गेला. जाणारच की, चाळीस वर्षं! ऑपरेशन झालं, हात झोळीत, तीन महिने उचलायचा नाही. डाव्याने मारून पाहिलं त्यांनी, पहिल्याच दिवशी, मालनकाकूंच्या नवऱ्याला, सहदेवकाकांना. काका दोन पावलं मागे! "डाक्टरांनू, डाव्या हातान नको. डाव्या हातान देवाक फूल तरी घालतत काय?" झालं. अण्णा आतल्या खोलीत बसून नुसते कागद तपासणार, आणि काका गेले मुकुलच्या केबिनीत.

आता हे सहदेवकाका म्हणजे ऐन तारुण्यात गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर तीस वर्षं वॉचमन, साखर चारशेच्या खाली आली की यांना अशक्तपणा वाटतो! पायाच्या अंगठ्याला जखम, ती भरेना. अण्णांनी त्यांना पंधरा वर्षं निव्वळ गालावर जगवलेलं. काचेच्या दारातून मला सगळं दिसत होतं. काका आत गेले, प्रामाणिकपणे सांगितलं, "चार दिवस इन्सुलिन घेतलंय नाय," चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि गाल पुढे केला. वाट बघतायत. मुकुलने तो गाल नीट निरखला, टॉर्च मारला आणि विचारलं, "काका, दाढ दुखतेय का?"

हसू नका! पुढे ऐका. मग मुकुल खुर्ची जवळ ओढून म्हणतो, "काका, तुमच्या भावना मी समजू शकतो. इन्सुलिनचा निर्णय आपण दोघांनी मिळून घेऊया. प्लीज." काका म्हणाले, "डाक्टर तू काय मी?" तर हा, "तसं नाही, प्लीज." काका बाहेर आले ते पांढरेफटक. बायकोला म्हणाले, "चल गो." बस्स.

दोन दिवसांनी मालनकाकू एकट्याच, माझ्या काउंटरला चिकटून. "बाये, ह्यांनी सुई सोडल्यानी. म्हणतत, डाक्टर गोड बोलाक लागले काय समजूचा, आपला आटापला. आता खाऊन मरतंय. गावसून आंब्याची पेटी इली, ती खाटेखाली घेऊन बसलेहत." आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तू सांग ना गो आत. डाक्टरांका म्हण, एक मारा ह्यांका."

काय सांगू आत? नवऱ्याला? ज्याने भिंतीवर पाटी लावलीय? की सासऱ्यांना, ज्यांचा हात झोळीत? म्हटलं, आपण कोण, चार महिन्यांची सून, डॉक्टरकीतलं आपल्याला काय कळतं...

मी काही बोलले नाही. सोळा दिवस! रोज टोकन फाडत होते आणि रोज बोलले नाही.

सतराव्या दिवशी सकाळी अकराला काचेचं दार धाडकन उघडलं. निलेश, काकांचा मुलगा, जिममध्ये जाणारा, मागे त्याच्याच मापाचे तीन मित्र, आणि चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून आणलेले सहदेवकाका. अंगठा काळा पडलेला, शेजारच्या बोटापर्यंत. "कुठाय तो गोड डॉक्टर? ए, बाहेर ये! माझ्या बापाला मारलं का नाहीस?"

ऐकलंत? इतरत्र डॉक्टर काहीतरी करतो म्हणून नातेवाईक मारतात. आमच्याकडे, डॉक्टरने मारलं नाही म्हणून डॉक्टरला मारायला आले!

मुकुल बाहेर आला आणि म्हणाला, "हे बघा, आपण बसून बोलूया." हेच नको होतं! निलेशने त्याला अशी ठेवून दिली की तिन्ही पेनं तीन दिशांना. मग काय विचारता... बाकं उलटी, वजनकाटा दारात, खोकल्याच्या औषधाचा सडा. अनिरुद्धने पाटी भिंतीवरून काढून निलेशच्या तोंडासमोर धरली, "हे वाच, वाच हे!" निलेशने वाचली आणि तीच त्याच्या डोक्यात घातली. शर्मिष्ठा, जी आमच्या झाडूवाल्यालाही सर म्हणते, ती सलाईनचा स्टँड गरागरा फिरवत आली आणि एका मित्राच्या नडगीवर असा बसवला की तो पुढच्याच क्षणी तिचा पेशंट! मशीनबाई मध्येच, "टोकन नंबर अठरा, केबिन दोन." आणि अठरा नंबरवाल्या आजी खरंच उठून त्या मारामारीतून वाट काढत केबिन दोनकडे! आतून अण्णा गळ्यातली झोळी सांभाळत ओरडतायत, "अरे, कानाखाली नको! पडदा फाटतो! पाठीत घाला, पाठीत!"

आणि या सगळ्याच्या मधोमध, खुर्चीत, सहदेवकाका. शांत.

अण्णांनी येऊन पाय पाहिला आणि त्यांचा आवाज बदलला. सगळे थांबले. "सहदेव, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. आज गेलास तर बोटं जातील. उद्या गेलास तर पाय जाईल. परवा मला विचारू नको." काका मान हलवतात. "माका खंय न्हेव नकात. माझा झाला. ह्या डाक्टरान माका दोनदा प्लीज म्हटल्यान." निलेश म्हणाला, "बाबा, चला ना यार," रडायला लागला एवढा मोठा माणूस. मालनकाकू पाया पडल्या. मुकुल गाल धरून म्हणाला, "काका, प्लीज..." आणि सगळे त्याच्यावर ओरडले, "गप रे!" काकांनी डोळे मिटून घेतले. अण्णा झोळीतला हात उचलायला बघतायत, तो खांद्याच्या वर जाईना.

मी काउंटरमागून बाहेर आले. तेव्हाही काही बोलले नाही हं.

फाट्!

दाढीचे खुंट टोचले मला, तळवा झिणझिणला खांद्यापर्यंत. दवाखान्यात अशी शांतता की मशीनसुद्धा गप्प. काकांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "डाक्टरांची सून ना गो तू?" मी मान हलवली. "म्हणजे... जगतलंय मी?" पुन्हा मान हलवली. तसे खुर्चीचे हात धरून उठायलाच लागले! "निलेश, मेल्या, बघतंस काय? रिक्षा बोलव!" आणि मालनकाकू जाता जाता माझा हात धरून, तोच हात, झणझणणारा, म्हणतात, "अगो, मग ह्या आधी करूचा नाय?"

नवी सून असले म्हणून काय झालं... सोळा दिवस होते माझ्याकडे.

दोन बोटं गेली. पाय राहिला. काका फडक्याचा बूट घालून हळूहळू येतात, सुई वेळेवर घेतात, तरी महिन्यातून एकदा मुद्दाम एखादी चुकवून येतात आणि मुकुलच्या केबिनीत न जाता माझ्या काउंटरवर चष्मा काढून ठेवतात. ते एकटे असते तर ठीक होतं हो! आता सगळेच. "मोठ्या डाक्टरांचा हात नाय तर सुनेचा चालात." अण्णा मागून सूचना देतात, मनगट सैल सोड. मुकुल वहीत लिहून घेतो, कोन वगैरे. अनिरुद्ध, डोक्याला चिकटपट्टी लावलेला अनिरुद्ध, पुस्तकं चाळून म्हणाला की हे कुठल्याच पुस्तकात बसत नाही, आणि माझ्यासाठी चौथी केबिन बांधायला घेतली. मशीनबाईला नवीन वाक्य शिकवलंय. मी नोकरीचा राजीनामा लिहून ठेवलाय, संध्याकाळच्या पेशंटमुळे जमतच नाही.

काल चेंबूरहून आईचा फोन. आवाज एकदम खाली, बाजूला बाबा नसावेत अशा बेताने. "बाळा, खरं सांग हं, माझ्यापासून लपवू नकोस. सासरी मारहाण वगैरे नाही ना गं?"

म्हटलं, "आहे ना, आई. सकाळी दहा ते एक, संध्याकाळी सहा ते नऊ. रविवारी बंद."