कडू घास

तुम्हाला हसू येईल, पण मला अजून संताप येतो. तिसगाव सोडून आम्ही नगरात चाळीत राहायला आलो अन् महिन्यातच सासूबाई गेल्या. सगळी चाळ मातीला आली, रडली अन् आपापल्या घरात शिरली. आमच्याकडं माणूस गेलेल्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी आणून कडू घास घालतात. दिवेलागण झाली, पोरं भुकेनं रडायला लागली, तरी कुणी फिरकलं नाही.

शेजारच्या मालूताई दारातूनच म्हणाल्या, "खानावळीतून डबा मागवा की."

"आमच्या गावात वैरीसुदिक भाकरी आणतो, ताई!"

"इथं कुणी कुणाच्यात पडत नाही, बाई."

माझं डोकंच फिरलं. पोरांना पुढं घातलं अन् तिच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. "सरका. तुमच्या चुलीवर मीच थापते भाकरी."

"अहो, तुम्हाला सुतक आहे! शिवू नका कशाला!"

"मग तुमी थापा!"

मालूताईंनी थापल्या. पोरं पोटभर जेवली.

त्यानंतर चाळीत कुणी गेलं, की भाकरीची पहिली पाटी तिचीच. माझ्या दारावरून जाताना मुद्दाम ओरडायची, "नेतेय हो!"